डब्यातलं दूध

फुकुए बंदरापलीकडच्या दवाखान्यात
डॉक्टर उराकावांनी कागद माझ्या बाजूला फिरवला
आणि अधिकच्या एका खुणेवर बोट ठेवलं.
मला सहावा महिना होता.
बाहेर नागासाकीच्या फेरीने पहिला भोंगा दिला.

आई गेली तेव्हा विचारायचं राहिलेलं मी आता विचारलं.
रक्ताचा हा कर्करोग आमच्या घराण्यातच आहे का?
आईला झाला. शेवटी ती नुसतं पाणी पाणी करायची,
मला धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची.
तिच्या मामालाही तोच झाला असावा.
तेव्हा त्याला नाव नव्हतं.
"अंगावर चट्टे उठले, काखेत गाठी आल्या, गेला,"
एवढंच घरात सांगतात.

घराण्यात आहे, डॉक्टर म्हणाले,
पण वंशाने आलेला नाही.
एक विषाणू आहे. जुना. या बेटांवर बराच.
तो उतरतो मुख्यतः दुधातून.

मग म्हणाले, घाबरू नका,
शंभरातल्या पंचाण्णवांना जन्मभर काही होत नाही.
मी फेरीच्या तिकीटखिडकीवर बसते.
शंभर माणसं म्हणजे किती लांब रांग
हे मला ठाऊक आहे.
आणि त्या रांगेतला पाचवा माणूसही
सुटे पैसे मोजत, छत्री काखेत धरून
इतरांसारखाच उभा असतो.

मात्सुए मावशीच्या रक्तातही तो आहे.
ती एक्क्याऐंशीची. अजून टेकडी चढून
त्सुबाकीच्या बिया वेचते, तेल काढते,
आणि माझ्या केसांना लावायला मागे लागते.
तिला सांगितलं तर म्हणाली,
"असेल. मी कधी विचारलं नाही त्याला."

राहिला तोमोहारू.
तो जन्मला त्या शरदात आईची मांडी मोडली होती,
चार महिने ती पलीकडे, मोठ्या इस्पितळात.
त्याला डब्यातल्या दुधावर वाढवला.
जरा सर्दी झाली, गणितात नापास झाला,
बोटीवर चक्कर आली,
की सगळ्यांचं ठरलेलं: डब्यातलं दूध!
आईसुद्धा रागात एकदा म्हणाली होती,
"माझं प्यायला असतास तर असा निपजला नसतास."
तो जेवणावरून उठून गेला होता.

त्याने तपासून घेतलं. त्याच्यात काही नाही.
रात्री बोटीवरून फोन केला,
मागे इंजिन, कुणीतरी माकूळ मोजत होतं.
बराच वेळ दोघंही गप्प.
मग म्हणाला, "ताई, म्हणजे मी कोरडाच राहिलो."
हसला की काय, इंजिनात कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात फेरीतून एक खोकं आलं.
दूधपावडरचे बारा डबे, चिठ्ठी नाही.
माझ्याच खिडकीत मी सही करून घेतलं.

मुलगी झाली. दूध आटायची गोळी दिली.
तरी तिसऱ्या रात्री ती रडली
आणि पान्हा फुटलाच,
झग्यावर दोन ओले गोल उमटले.
नर्स काही न बोलता टॉवेल ठेवून गेली.

आईने मला दीड वर्ष पाजलं.
जेवण टाकून, झोप मोडून, वाळत घातलेल्या मासळीवर मांजर येत असताना.
त्यातलं एकही घोट मला परत करायचं नाही.

पोरीचं रक्त तीन वर्षांनी तपासायचं आहे.
बाटलीने धोका खूप कमी होतो, संपत नाही,
हेही डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय.
मनगटावर एक थेंब टाकून बघते. कोमट.
ती कापडावर तोंड घासत शोधते,
मग रबर सापडतं, तेवढ्यावर गप्प होते.

तोमोहारू दारातून बघतो आहे.
"तिरकी धर," म्हणतो, "हवा जाते पोटात."
तुला काय माहीत, मी म्हणते.
"मला नाही तर कुणाला?"
आणि हात धुवायला जातो.